शब्द फोडून बघणारी वहिनी

फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये अकरावीचे पेपर तपासत होते. दादाचा फोन होता. माझ्या कॉलेजच्या वेळेत तो कधी फोन करत नाही, त्यामुळे उचलण्याआधीच कळलं होतं... तरी मी हातातला पेपर पुरा तपासला, गुणांची बेरीज केली, सही केली आणि मग त्याला उलटा फोन लावला. असं का केलं ते आजही सांगता येत नाही. "कुंदा गेली," तो म्हणाला. मागे दवाखान्याच्या जिन्यातले आवाज येत होते. "तू ये," एवढंच तो पुढे बोलला. मी उठले, परत बसले, पर्स शोधू लागले. ती खांद्यालाच होती. या गोष्टीला आता सात आठवडे होतील. तेव्हापासून मी एका जागी धड बसलेली नाही. भाजी टाकून ओट्यापासून दारापर्यंत फेऱ्या मारते, वर्गात शिकवता शिकवता खिडकीशी जाऊन उभी राहते, आणि मुली एकमेकींकडे बघतात. हा लेखही असाच उठत-बसत लिहिलेला आहे. कुठे तुटक वाटला तर सांभाळून घ्या.

कुंदावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. ती लग्न होऊन अंजूरला आमच्या घरी आली तेव्हा मी सातवीत होते आणि ती असेल वीस वर्षांची. तिचं माहेर खाडीपलीकडचं. तिचे वडील होडीतून माणसं आणि सामान या काठावरून त्या काठावर न्यायचे. आठवीनंतर तिची शाळा सुटली ती सुटलीच. आमच्या घरची भातशेती आजोबांच्या हयातीतच गेली होती. त्या जमिनीवर आता गोदामांच्या पत्र्याच्या रांगा उभ्या आहेत. दादा अंजूर ते भिवंडी रिक्षा चालवायचा, अजूनही चालवतो. मुलगी जरा मोठी झाल्यावर वहिनी वडप्याच्या एका गोदामात कामाला लागली. आलेले खोके उघडायचे, माल मोजायचा, स्टिकर चिकटवायचे, पुन्हा खोके बंद करून सरकत्या पट्ट्यावर ठेवायचे. सकाळी अंजूरफाट्यावरून कंपनीची बस, संध्याकाळी तीच बस परत. दिवसभर उभ्याचं काम, पण घरी आली तरी ती बसायची नाही. चहासुद्धा उभ्यानं प्यायची, परातीत पीठ मळताना मध्येच उठून अंगणात डोकावून यायची. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी बांधून पाठवलीय. बाहेर कुठली कोंबडी कुणाच्या वाफ्यात शिरली हे तिला बघायचंच असायचं. ते शब्दांचं वेडही त्याच स्वभावातून आलं असं मला आता वाटतं. बंद असलेली कुठलीच गोष्ट तिला बंद राहू देता येत नसे.

मी भिवंडीत एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. काही वर्षांपूर्वी मी माझ्या वर्गासाठी चार पानांचं एक टिपण केलं होतं. आमची बरीच मुलं मराठी किंवा उर्दू माध्यमातून येतात, इंग्रजी शब्द पाठ करून करून थकतात. एकेक सुटा शब्द पाठ करण्यापेक्षा त्याचं लॅटिन मूळ लक्षात ठेवलं, तर एका मुळावर दहा शब्द उगवतात, असं माझं म्हणणं. पोर्ट म्हणजे वाहून नेणे, स्क्रिप्ट म्हणजे लिहिलेलं, डिक्ट म्हणजे बोलणं, अशी पन्नासेक मुळं होती. मुलांनी झेरॉक्स घेतल्या आणि त्यांची विमानं केली. उरलेला गठ्ठा मी अंजूरला नेऊन टाकला, रद्दीत जाईल म्हणून. वहिनीने ती पानं फडताळात डब्यांखाली अंथरली.

पुढच्या एका रविवारी मी गेले, तर ती मिठाचा डबा हातात धरून फडताळासमोर उभी.

"सुरेखा, हे पोर्ट म्हंजे वाहून न्यायाचं. मग ट्रान्सपोर्ट म्हंजे काय गो? आमच्या सगल्या गाड्यांवर लिवलेलं हाय."

"ट्रान्स म्हणजे पलीकडे," मी सांगितलं. "पलीकडे वाहून नेणं."

तिने मिठाचा डबा खाली ठेवला. "म्हंजे माझा बाप जल्मभर ट्रान्सपोर्टच करीत व्हता," ती म्हणाली. "आनि लोक त्याला अडानी म्हनायचे."

त्या दिवसापासून ते सुरू झालं. वहिनीला इंग्रजी अक्षरं वाचता येत होती, खोक्यांवरचं वाचायची सवय होती. अर्थ तेवढा लागत नव्हता. आता ती खोक्यावरचा शब्द घरी घेऊन यायची. मार्करने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर उतरवलेला, ठसठशीत, शब्दाच्या मध्ये जिथे तिला सांधा वाटेल तिथे उभी रेघ मारलेली. फ्रॅजाइल आणि फ्रॅक्चर एकाच घरातले निघाले, दोन्हींत मोडणं आहे, तेव्हा ती दादाच्या एकदा मोडलेल्या हाताकडे बघून म्हणाली, "याच्यावर पन स्टिकर लावाया पायजे व्हता." रिपोर्ट म्हणजे परत वाहून आणणं, हे कळल्यावर तिला मोठा आनंद झाला. मुकादम आमचं बोलणं वाहून साहेबाकडे नेतो ते हेच, म्हणाली. मॅनेजर या शब्दाच्या पोटात हात आहे असं मी सांगितलं, तर तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. "मॅनस म्हंजे हात? नक्की? मग आमचा मॅनेजर खोक्याला हात का लावत न्हाय?" दादा रिक्षा पुसता पुसता हसत होता.

मीही हसत होते; मला ते सगळं थोडं गमतीचंच वाटत होतं, हे कबूल करायला हवं. मुळं मी मार्कांसाठी शिकवत होते. एखादा शब्द केवळ आत काय आहे ते बघावं म्हणून मी कधी फोडला नव्हता. एकदा तिने विचारलं, "इम्पॉर्टंटमधी पोर्ट हाय का गो?" मला घाई होती, बाहेर रिक्षा थांबली होती. मी म्हटलं, "नाही वहिनी, दिसायला तसं आहे, पण त्याचा काही संबंध नाही." ती "असं का" म्हणाली आणि पुठ्ठ्यावरची रेघ अंगठ्याने पुसायचा प्रयत्न करू लागली. मार्करची रेघ, ती काय पुसली जाणार. घरी पोचल्यावर मी शब्दकोश काढून बघितलं. संबंध आहे. आत वाहून आणणं, त्यावरून जे आपल्याबरोबर परिणाम घेऊन येतं ते, म्हणून महत्त्वाचं. तिची रेघ बरोबर जागी होती. एवढी वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या मला ते माहीत नव्हतं आणि माहीत नाही असं म्हणताही आलं नव्हतं.

पण ही लहान गोष्ट झाली. मला जागेवर बसू देत नाही ती गोष्ट दुसरी आहे.

दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा संपत आला होता. वडप्याच्या गोदामातला मजूर पुरवणारा जुना कॉन्ट्रॅक्टर जाऊन नवा येणार अशी बोलवा होती. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मला वहिनीचा फोन आला. मागे पट्ट्याचा घरघर आवाज येत होता.

"सुरेखा, येक शब्द सांगतंय. व्ही, ओ, एल, यू, एन... तुझ्या तिसऱ्या पानावर व्होल हाय. इच्छा. बरोबर?"

"बरोबर. व्हॉलंटरी. स्वेच्छेने."

"त्याच्या फुडं हाय आर, ई, एस, आय, जी, एन, मंग आनि लांब शेपूट. री म्हंजे परत, साइन म्हंजे सही. मुकादम पन तेच बोलतोय, कुछ नहीं, नया कार्ड बनाना है, सबको दुबारा साइन करना है. पन मंग नुसतं साइन का न्हाय लिवला? यवरा लांब शब्द कशाला?"

मला एका क्षणात सगळं समजलं. बायकांकडून राजीनामे लिहून घेत होते, म्हणजे दहा-दहा वर्षांची नोकरी पुसून उद्यापासून त्याच बायका नव्या कॉन्ट्रॅक्टरकडे नव्याने लागणार, किंवा लागणारही नाहीत. हे मला समजलं आणि त्याच क्षणी दुसरंही आठवलं. दादाची रिक्षा महिनाभर गॅरेजमध्ये पडून होती, त्याची कंबर धरलेली होती, आईची औषधं चालू होती. घर वहिनीच्या कामावर उभं होतं.

"वहिनी, ही फॉर्मॅलिटी असते," मी म्हटलं. "कॉन्ट्रॅक्टर बदलला की करतात. बाकीच्या करतायत ना? तू पण कर."

"अर्थ काय त्याचा?"

"अर्थाचं काय एवढं..."

"अर्थ सांग, सुरेखा."

"राजीनामा," मी सांगितलं. "स्वखुशीने दिलेला राजीनामा."

पलीकडे पट्टा फिरत होता. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आनि तरी तू मना सही कर सांगतंस."

"नोकरी जाईल ना गं नाहीतर."

"राजीनामा देल्यावर काय ऱ्हाईल?"

एवढं बोलून तिने फोन ठेवला. मी परत लावला नाही. घंटा झाली, मी वर्गावर गेले, काय शिकवलं देव जाणे.

पुढचं मला दादाकडून कळलं. वहिनी आत गेली आणि रांगेत उभ्या असलेल्या बायकांना तिने त्या दोन शब्दांचा अर्थ सांगितला. ज्यांनी सह्या केल्या होत्या त्यांनी आपापले कागद परत मागितले. पस्तीस-चाळीस बायका होत्या, त्यात उत्तरेकडून आलेल्या यंत्रमाग कामगारांच्या बायका होत्या, आमच्या गावच्या होत्या. मुकादमाने आवाज चढवला तेव्हा सगळ्या बाहेर जाऊन गेटसमोर बसल्या. आठ दिवस त्या तिथे होत्या, हायवेच्या धुळीत, घरून डबे आणून. एका वकीलबाईंनी मध्यस्थी केली. नवव्या दिवशी तो कागद मागे घेतला गेला आणि कामाला लागल्याची मूळ तारीख कायम ठेवून सगळ्यांना नव्या कॉन्ट्रॅक्टरकडे घेतलं. सगळ्यांना म्हणजे कुंदा सोडून. तिच्यासाठी म्हणे त्या शिफ्टला जागा नव्हती. बाकीच्या म्हणाल्या, तू नाहीस तर आम्ही पण नाही. वहिनीनेच त्यांना आत ढकललं. "जा, पोरंबाळं हायत," म्हणाली. आणि ती पायी फाट्याच्या दिशेने निघाली.

त्या आठ दिवसांत मी एकदाही वडप्याला गेले नाही. माझं कॉलेज तिथून रिक्षाने अर्ध्या तासावर आहे. परीक्षा चालू होत्या, हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं, आणि परीक्षा खरंच चालू होत्या.

नंतर तिने नारपोलीत एका यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरायचं काम धरलं. मागावरच्या धोट्यात बसते ती सुताची कांडी; दिवसभर यंत्रावर त्या भरत राहायचं. पगार कमी, आवाज कानठळ्या बसवणारा. तिच्या बोलण्याचा सूरच चढला, घरातही ओरडून बोलायला लागली. दादाची कंबर बरी झाली, रिक्षा सुरू झाली, घर कसंबसं चालत राहिलं. त्या फोनबद्दल ती मला कधीही काही बोलली नाही. एखाद वेळी भांडली असती तर बरं झालं असतं. मी रविवारचं जाणं कमी केलं. मग ती व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवू लागली, मागे मागांचा खडखडाट. "सुरेखा, मशीनमधी इंग्रजी पाटी हाय, मेंटेनन्स. मेन म्हंजे हात का, मॅनसवाला? मंग टेनन्स काय?" बरोबर होतं ते. हातात धरून ठेवणं, सांभाळणं. मी नुसता अंगठा पाठवायचे. कधी तोही नाही.

यंदा होळीच्या सुमाराला तिला कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग भिवंडीत डॉक्टर, मग ठाण्याला मोठ्या दवाखान्यात. यकृत बरंच खराब झालं होतं. मी तीनदा गेले. तिसऱ्या वेळी ती उशीला टेकून बसली होती, डोळे हळदीसारखे, हाताला सलाईन. त्याही अवस्थेत एका पायाचा अंगठा चादरीखाली सारखा हलत होता. शेजारच्या खाटेवरची बाई घरी निघाली होती, तिचे नातेवाईक कागदाची वाट बघत होते.

"डिस्चार्ज, डिस्चार्ज चाललंय मघापासून," वहिनी म्हणाली. "बघ ना गो, आत काय हाय त्याच्या."

मी फोनवर शोधलं. मूळ अर्थ निघाला गाडीवरचं ओझं उतरवणं. मी वाचून दाखवलं. ती हसली, हसताना तिला खोकला आला, मी पाणी दिलं. "म्हंजे आमी वडप्याला रोज डिस्चार्जच देत व्हतो," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती बोलेल, किंवा मी बोलावं. माझ्या तोंडाशी आलंही होतं... वहिनी, त्या दिवशी फोनवर मी... तेवढ्यात भेटीची वेळ संपल्याची शिट्टी झाली आणि सिस्टर खाटेपाशी आली. मी पर्स उचलली. "ये परत," ती म्हणाली. मी "येते" म्हटलं. चौथ्या दिवशी दादाचा फोन आला.

दहाव्याला अंजूरच्या घरी वडप्याच्या बायका आल्या, मोठ्या संख्येने, कामावर खाडा करून. त्यातल्या लताबाई वयाने मोठ्या, वहिनीच्या टेबलावर काम करणाऱ्या. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुम्ही शिकवलंत म्हणून ती वाचू शकली. तुमच्यामुळे आमच्या नोकऱ्या वाचल्या, मॅडम." दोघीतिघींनी डोळ्याला पदर लावला. दादा माझ्याकडे बघत होता. आणि मी मान हलवली. हो म्हटलं नाही, पण मान हलवली. चहाचा ट्रे बाजूला ठेवलेला होता, मी तो उचलून पुढच्या ओळीकडे गेले.

त्या मान हलवण्यानं मला तेव्हापासून पळवलं आहे. लोक भेटतात, म्हणतात, वाईट झालं, किती हुशार बाई, तुझ्याच हाताखाली तयार झाली. प्रत्येक वेळी काहीतरी बोलायचं ठरवते आणि बोलत नाही. शेवटी गेल्या सोमवारी पहाटे उठले, नवऱ्याला सांगितलं की अंजूरफाट्याला जाऊन येते. तो म्हणाला, "आत्ता? कॉलेज?" मी म्हटलं, "उशीर झाला तर झाला."

कंपनीची बस सात वाजता येते. बायका डबे घेऊन उभ्या होत्या. मी लताबाईंना बाजूला घेतलं आणि एका दमात सांगून टाकलं. मी तिला शिकवलं नाही, टाकून दिलेल्या कागदांवरून ती स्वतः शिकली. आणि त्या दिवशी मी तिला सही कर असं सांगितलं होतं. अर्थ माहीत असून.

लताबाईंनी डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"सगळ्यांनाच. कुंदानं पहिल्याच दिवशी गेटवर सांगितलं होतं. एकीनं विचारलं, तुझी नणंद मास्तरीण आहे, ती काय म्हणते? तर म्हणाली, नणंदेनं अर्थ खरा सांगितला, सल्ला भ्यायलेला दिला. अर्थ घेवया, सल्ला सोडून देवया."

"मग दहाव्याला तुम्ही माझा हात धरून..."

"अर्थ तुम्हीच सांगितला होता की," लताबाई म्हणाल्या. "तेवढ्याचंच म्हटलं मी. नसता सांगितला तर?"

बस आली. त्या म्हणाल्या, "चला वडप्यापर्यंत, तिकडून रिक्षा मिळेल." मी का चढले माहीत नाही, पण चढले. सगळ्या आपापल्या जागी बसल्या. लताबाई मात्र बसल्या नाहीत. दाराजवळचा दांडा धरून, बायकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. शेजारची मुलगी मला म्हणाली, "कुंदामावशी तिथेच उभी राहायची. रोज एक शब्द. तिचं इथलं काम सुटल्यापासून लतामावशी घेते." मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. वहिनीनेही नाही.

"आज कुनाचा नंबर?" लताबाईंनी विचारलं.

मागून एका बाईने हात वर केला. "कन्फर्म," ती म्हणाली. "मुकादम सारखं बोलतो, अगले महीने कन्फर्म करेंगे. उसके अंदर क्या है?"

सगळ्या माझ्याकडे वळल्या. तो शब्द मी हजारदा वापरला असेल. "मला नक्की माहीत नाही," मी म्हटलं. "थांबा, बघून सांगते." फोन काढला. बस खड्ड्यांतून चालली होती, बोटं भलत्याच अक्षरांवर पडत होती. कुणी घाई केली नाही. सापडलं तेव्हा मी उठून उभी राहिले आणि सांगितलं की फर्म म्हणजे घट्ट, पक्कं, आणि कन म्हणजे एकत्र, नाहीतर नुसता जोर द्यायला.

इंजिनाच्या आवाजात ते मागपर्यंत पोचलं नाही. "ऐकू न्हाय आला," शेवटच्या बाकावरून कुणी तरी म्हणालं. "जोरात सांगा, मॅडम."

मी परत सांगितलं, जोरात.